गाडी दुरुस्तीचे शिक्षण: पाना हातात घेण्याआधी काय तपासाल?

दहावीचा निकाल लागला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या घरोघरी तेच ते प्रश्न सुरू होतात. मुलाला गाड्यांची आवड आहे, मग त्याला आयटीआयला घालावे की ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताखाली ठेवावे? ‘डिझेल मेकॅनिक’ एका वर्षात होते, तर ‘मोटर व्हेईकल’साठी दोन वर्षे कशाला घालवायची? सगळ्या गाड्या विजेवर जाणार असतील तर हे शिकून उपयोग काय? शोरूमवाले ‘ट्रेनी’ म्हणून घेतात, ती नोकरी समजायची की शिकाउमेदवारी?

हे प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमचे म्हणणे आधीच सांगतो. या कामात हातही लागतो आणि कागदही लागतो, आणि दोन्ही वयाच्या विशीच्या आसपासच मिळवावे लागतात. पुढे संसार मागे लागला की राहिलेले शिक्षण पूर्ण करायला फार थोड्यांना जमते.

आधी आपल्या रस्त्यावर काय धावते ते पाहा

तुम्हाला कोणत्या गाड्यांवर काम करायचे आहे, हे ट्रेड निवडण्याआधी ठरवा. पुण्या-मुंबईचा हिशोब इथे तसाच लागू पडत नाही.

वाळवा, कराड, पलूस, कडेगाव या ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याला जेवायला सवड नसते. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे द्राक्षबागांत फवारणीचे छोटे ट्रॅक्टर आणि ब्लोअर आहेत. ऐन छाटणीनंतर ट्रॅक्टर दोन दिवस बंद पडला तर बागायतदाराचे वर्ष धोक्यात येते, त्यामुळे बांधावर येऊन काम करणाऱ्या माणसाला तिथे मान आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळपासून पेठनाक्यापर्यंत अवजड गाड्यांचे काम मिळते. सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत दुचाकी, मोटारी आणि शोरूमचे वर्कशॉप.

यातले कुठलेही काम आता जुन्या पद्धतीचे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-६ आहेत. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरनाही १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. ऊस ओढणाऱ्या नव्या मोठ्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर आता संगणकाचा ताबा असतो. कानाने इंजिन ओळखणारा मिस्त्री आजही लागतोच. मात्र त्याला स्कॅनर वाचता आला पाहिजे आणि मल्टिमीटर धरता आला पाहिजे.

कोणता ट्रेड घ्याल?

आयटीआयमध्ये या क्षेत्राचे प्रमुख ट्रेड असे:

- मेकॅनिक मोटर व्हेईकल: २ वर्षे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग, सगळे काही. दहावीला विज्ञान आणि गणित घेऊन उत्तीर्ण असावे लागते.
- मेकॅनिक डिझेल: १ वर्ष. भर इंजिन आणि इंधन यंत्रणेवर.
- मेकॅनिक ट्रॅक्टर: १ वर्ष.
- टू अँड थ्री व्हीलर मेकॅनिक: १ वर्ष. दुचाकीचे स्वतःचे गॅरेज काढायचे पक्के असेल तर पुरेसा.
- ऑटो बॉडी रिपेअर आणि पेंटिंग: आपल्याकडे ज्याला डेंटिंग-पेंटिंग म्हणतात ते काम. मुले याला कमी लेखतात. विम्याच्या दाव्यांमुळे शोरूमच्या बॉडी शॉपमध्ये वर्षभर काम असते.
- मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल: २ वर्षे. नवा ट्रेड आहे, मोजक्या ठिकाणी मिळतो.

प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये हे सगळे ट्रेड नसतात. त्यामुळे घराजवळची संस्था आणि हवा असलेला ट्रेड यांत निवड करायची वेळ येते. आमचा सल्ला: ट्रेड धरा, एसटीचा पास काढा.

एक वर्ष की दोन, हा खरा कळीचा मुद्दा आहे, आणि प्रवेशाच्या घाईत तो कोणी समजावून सांगत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा योग्य ट्रेड पूर्ण केला तर तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एका वर्षाच्या ट्रेडवर ही वाट मिळत नाही. कराड आणि मिरजेला शासकीय तंत्रनिकेतने आहेत, त्यामुळे आपल्या भागातल्या मुलांसाठी ही वाट नुसती कागदावरची नाही. आरटीओतल्या सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या जागा एमपीएससीमार्फत भरतात आणि त्याला ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलची पदविका लागते. आयटीआय करून थेट आरटीओत साहेब होता येते, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर दोन भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते. पुढे कुठल्याही भरतीत ‘बारावी पास’ची अट आली की तिचा उपयोग होतो.

घरची परिस्थिती अशी असेल की वर्षभरात कमाई सुरू झालीच पाहिजे, तर डिझेल किंवा ट्रॅक्टरचा ट्रेड घेण्यात काही कमीपणा नाही. मात्र आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक असू द्या.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या धास्तीने मोटर व्हेईकल सोडायची गरज आम्हाला दिसत नाही. विजेच्या गाडीलाही ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, बेअरिंग आणि एसी असतो, आणि आज रस्त्यावर असलेल्या डिझेल गाड्या अजून कित्येक वर्षे धावणार आहेत. वायरिंगचा भाग मात्र मन लावून शिका. सर्किट डायग्राम वाचता येणारा माणूस दोन्ही जमान्यांत चालतो.

प्रवेशाची पायरी न पायरी

शासकीय आणि खासगी आयटीआयचे प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून, दहावीच्या गुणांवर होतात.

1. पोर्टलवर अर्ज भरा. मोबाइल नंबर घरातलाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढचे सगळे संदेश त्याच नंबरवर येतात.
2. जवळच्या आयटीआयमध्ये मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करा. निश्चित न केलेला अर्ज गुणवत्ता यादीत येत नाही.
3. संस्था आणि ट्रेडचे विकल्प भरा. पहिला विकल्प विचार करून टाका. पहिल्याच विकल्पाची जागा मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते.
4. जागा मिळाली नाही तर निराश होऊन कुठेही पैसे भरू नका. नियमित फेऱ्यांनंतर समुपदेशन फेरी असते आणि रिकाम्या जागा तिथे भरतात.

जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रापुढची रांग संपत नाही. शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर वेगळे भरावे लागतात. प्रवेश झाला म्हणजे ते आपोआप होत नाहीत. शासकीय आयटीआयमध्येही व्यवस्थापन समितीच्या, म्हणजे ‘आयएमसी’च्या काही जागा असतात आणि त्यांची फी जास्त असते. तेव्हा आपण कोणत्या जागेवर प्रवेश घेतो आहोत, ते पावतीवर बघा.

मुलींसाठी सर्वसाधारण शासकीय आयटीआयमध्ये ३० टक्के जागा राखीव असतात. मोटर व्हेईकलला त्या बऱ्याचदा भरत नाहीत. निदान, वायरिंग, सर्व्हिस सल्लागार या कामांत ताकदीपेक्षा चिकाटी लागते. मुलीची इच्छा असेल तर तिला अडवू नका.

पैसे भरण्याआधी वर्कशॉप बघून या

माहितीपत्रक सगळ्यांचेच छान असते. तुम्ही सरळ वर्कशॉपमध्ये जा आणि इतके बघा:

- सुरू होणारी इंजिने किती आहेत? कापून रंगवलेले मॉडेल भिंतीशी ठेवलेले असते. ते समजण्यापुरते ठीक, पण हात बसायला चालणारे इंजिन लागते.
- बीएस-६ गाडी किंवा निदान कॉमन रेलचे इंजिन आहे का? स्कॅनर कपाटात कुलूपबंद आहे की मुलांच्या हातात?
- शिल्प निदेशक कायम आहेत की तासिका तत्त्वावर? मागच्या वर्षी किती महिने पद रिकामे होते? हे दुसऱ्या वर्षाची मुले खरे सांगतात.
- गाडी जॅकवर चढवली की खाली घोडी लावतात का? जिथे नुसत्या जॅकवर गाडी ठेवून पोरे खाली शिरतात, तिथे तुमचे मूल पाठवू नका.

खासगी संस्था असेल तर तिची मान्यता ट्रेडनुसार तपासा. संस्थेला मान्यता असते आणि एखाद्या ट्रेडला नसते, असेही घडते. केंद्राच्या नोंदीत महाराष्ट्रातल्या शासकीय आयटीआयचा कोड ‘जीआर२७’ने आणि खासगीचा ‘पीआर२७’ने सुरू होतो. हा कोड मागून घ्या आणि पोर्टलवर टाकून पाहा. २०२४ मध्ये शासनाने अनेक आयटीआयना थोर व्यक्तींची नावे दिली आहेत. त्यामुळे जुन्या नावाने शोधून संस्था सापडत नसेल तर कोडच कामाला येतो.

प्रवेशानंतरचा नियम साधा आहे: ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के गुण लागतात. ‘फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो’ असे सांगणारी संस्था तुमचे दोन वर्षांचे शिक्षण बुडवते आहे.

मिस्त्रीच्या हाताखाली शिकावे का?

शिकावे, पण आयटीआयच्या जोडीने. सुट्टीत, संध्याकाळी, रविवारी. चांगल्या मिस्त्रीकडे एका हंगामात जे बघायला मिळते ते वर्गात मिळत नाही. आवळलेला बोल्ट कधी थांबवायचा, धूर कोणत्या रंगाचा, गिऱ्हाइकाने सांगितलेल्या तक्रारीतली खरी कोणती, हे तिथेच कळते.

मात्र जुन्या हाताच्या काही सवयी आता जिवावर बेततात. कोणत्या सिलिंडरमध्ये मिस आहे हे शोधायला जुने मिस्त्री चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायचे. ज्या सिलिंडरचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो मेलेला. जुन्या डिझेल इंजिनावर ही युक्ती चालून गेली. कॉमन रेलमध्ये त्याच पाइपात हजार-दोन हजार बारचा दाब असतो. नट सुटताच निघालेली डिझेलची चिळकांडी हातमोजा आणि कातडी फोडून थेट मांसात शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते. कोणी हळद लावून कामाला लागतो आणि पुढे बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर वेदना असो वा नसो, त्याच तासाला सिव्हिल हॉस्पिटल गाठा आणि ‘दाबाने डिझेल आत शिरले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही, हा नियमही तितकाच कडक पाळा.

आणखी एक: स्कॅनर पार्टचे नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. समजा त्याने ‘पी००८७’ दाखवले. त्याचा अर्थ रेलमध्ये दाब कमी आहे, एवढाच. घाईतला माणूस लगेच महागडा पंप बदलायला सांगतो. शिकलेला आधी डिझेल फिल्टर उघडतो, पाणी आले आहे का बघतो, टाकीपासूनचा पाइप कुठे हवा ओढतो का ते तपासतो. शेतावर कॅनमधून डिझेल ओतण्याची आपल्याकडे सवय आहे, तेव्हा बिघाड बरेचदा तिथेच सापडतो. असा क्रमाने विचार करायला शिकवणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका.

चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजमध्ये कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. सातवी-आठवीतून पोराला काढून ‘शिकेल काहीतरी’ म्हणून पाठवू नका.

शिकाउमेदवारी: तुमचे हक्क वाचून सही करा

आयटीआयनंतरची शिकाउमेदवारी अजिबात टाळू नका. ती पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाउमेदवारी प्रमाणपत्र मिळते. एसटीच्या सातारा आणि सांगली विभागांत शिकाऊ उमेदवार घेतले जातात. अवजड गाडी पूर्ण खोलायला मिळते अशा जागा आपल्या भागात मोजक्याच, त्यांत एसटीची कार्यशाळा आम्ही वर धरतो. मोटारींची वितरक वर्कशॉपही उमेदवार घेतात.

कारखान्यातली शिकाउमेदवारी वेगळी. सातारच्या कूपरसारख्या इंजिन आणि सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात किंवा चाकणच्या जोडणी पट्ट्यावर शिस्त आणि अचूकपणा शिकायला मिळतो, पण बिघाड शोधायला मिळत नाही. दुरुस्तीतच राहायचे असेल तर तिथे वर्ष घालवण्याआधी विचार करा.

१९६१ च्या शिकाउमेदवार कायद्यानुसार तुम्हाला काय मिळते:

- लेखी करार. तो केंद्राच्या शिकाउमेदवारी पोर्टलवर नोंदवलेला असला पाहिजे. उमेदवार अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची सही लागते. नोंद नसेल तर ती शिकाउमेदवारी नव्हेच, मग पत्रावर काहीही लिहिलेले असो.
- किमान विद्यावेतन. २०१९ च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी दरमहा ७,००० रुपये ही तळरेघ ठरली. सही करताना पोर्टलवरचा चालू दर बघा आणि त्याहून कमी घेऊ नका. केंद्राच्या योजनेत सरकारचा वाटा (विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल १,५०० रुपये) थेट तुमच्या खात्यात येतो. त्यासाठी खाते आधारशी जोडून घ्या. मालकाने उरलेली रक्कम दिली की नाही, याचा हिशोब दोन्ही मिळून करा.
- शिकाउमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय जादा काम नाही. ‘सगळे थांबतात, तूही थांब’ हे कायद्यात बसत नाही.
- अपघात झाल्यास भरपाई. उमेदवार कायद्याने ‘कामगार’ नसला, तरी प्रशिक्षणात इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर आहे.
- तक्रारीची जागा. वाद झाला तर शिकाउमेदवारी सल्लागाराकडे लेखी तक्रार करा. त्यांच्या कार्यालयाचा पत्ता जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये मिळेल. तारखेनिशी अर्ज द्या आणि पोच घ्या.

एक गोष्ट मात्र कायदा देत नाही: शिकाउमेदवारीनंतर तिथेच नोकरी मिळेलच, अशी हमी. करारात तसे लिहिले नसेल तर तोंडी आश्वासनावर भाडेकरार करून बसू नका.

तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या गॅरेजला ते ऐच्छिक आहे. तुमचा मिस्त्री चार माणसे सांभाळत असेल तर त्यालाही पोर्टलवर नोंदणी करता येते आणि तुमचे तिथले वर्ष कागदावर येते. हे पुष्कळ गॅरेजवाल्यांना माहीत नसते. तुम्ही होऊन सांगा.

२०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना यापेक्षा वेगळी आहे. तिच्यात आयटीआय आणि पदविकाधारकांना दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन ठरले आणि मुदत सहा महिन्यांवरून अकरा महिने झाली. रक्कम जास्त दिसते, पण राष्ट्रीय शिकाउमेदवारी प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही.

नोकरीचे पत्र हातात आल्यावर

‘पगार किती’ याच्या पुढे चार प्रश्न विचारा. हातात येणारी रक्कम किती आणि इन्सेंटिव्ह कशावर? २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू होणारा ईएसआय कापतात का? पीएफ खात्याचा क्रमांक कधी मिळेल? कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवतात का, आणि पाठवले तर किती वर्षांचा बाँड? मूळ प्रमाणपत्रे कोणी ‘जमा’ करायला सांगितली तर झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. ती परत मिळवता मिळवता नव्या नोकरीची तारीख निघून जाते.

पहिली दोन वर्षे नुसते ऑइल बदलण्यात आणि धुलाईत जात असतील तर सुपरवायझरशी बोला. तरीही इंजिन आणि वायरिंगच्या बेंचवर जागा मिळत नसेल तर वर्कशॉप बदला.

सैन्याची ओढ असलेल्या घरांसाठी, आणि अपशिंगेसारखी गावे असलेल्या साताऱ्यात अशी घरे फार आहेत, एक माहिती: अग्निवीर भरतीच्या तांत्रिक पदांत आयटीआय प्रमाणपत्राला जादा गुण आहेत. म्हणजे भरतीची तयारी आणि ट्रेड एकमेकांच्या आड येत नाहीत.

आधीपासून गॅरेजमध्ये असाल तर

दहा-दहा वर्षे काम करणारे कसबी हात आपल्याकडे पुष्कळ आहेत, ज्यांच्याजवळ एकही कागद नाही. त्यांना पुन्हा पहिलीपासून शिकावे लागत नाही. वाहन क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत ‘पूर्वज्ञानाची ओळख’ या पद्धतीने तुमच्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्व्हिस टेक्निशियनचे प्रमाणपत्र मिळते. अनुभवी कामगारांना खासगी उमेदवार म्हणून आयटीआयची परीक्षाही देता येते. तिच्या अटी आणि अर्जाची मुदत आयटीआयच्या परीक्षा विभागात विचारा. अनुभवाचा दाखला मालकाकडून लेटरहेडवर, तारखांसह आजच घ्या. मालक म्हातारे होतात, गॅरेजे बंद पडतात.

स्वतःचे गॅरेज काढताना

निदान तीन-चार वर्षे दुसऱ्याच्या जागेत काम केल्याशिवाय कर्ज काढू नका. काढायचेच झाले तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान विचारा. छोट्या भांडवलासाठी बँकेत मुद्रा कर्ज. पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत वाहन मेकॅनिक नाही. त्या नावाने गॅरेजवाल्यांचे फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कोटेशन घेताना पहिला खर्च चांगला जॅक, घोड्या आणि मल्टिमीटर यांचा धरा, मग स्कॅनरचा. फ्लेक्सबोर्ड सगळ्यात शेवटी.